मुक्कामाची बोट बेटावरच राहू द्या

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
बेट पर्यटन विकास समिती

विषय : पहाटेची बोट बंद करण्यास आणि प्रारूप आराखड्यास हरकत

सविनय नमस्कार.

येत्या एक तारखेपासून पहाटे साडेसहाची बोट बंद होणार आणि दिवसाची पहिली बोट किनाऱ्यावरून नऊ वाजता सुटणार, असा कागद धक्क्यावरच्या खांबाला डकवलेला आहे. कारण एका ओळीत दिलं आहे : प्रवासी संख्या अत्यल्प. त्या अत्यल्प प्रवाशांत माझे यजमान आहेत. मी दोन अर्ज दिले. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर एकाचंही नाही. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

बेटाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. नाव घातलं की हे एका गावाचं गाऱ्हाणं होतं आणि एका फायलीत जाऊन पडतं. तळ्याच्या मधोमध वस्ती असलेली छोटी बेटं जगात जिथं जिथं आहेत, तिथल्या माणसांना यातलं बरंचसं आपलंच वाटेल. कोणतं बेट ते तुम्हाला सांगायला नको.

यजमानांच्या किडन्या तीन वर्षांपूर्वी निकामी झाल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्यांचं डायलिसिस असतं. दर वेळी चार तास मशीनवर, शिवाय आधीची आणि नंतरची तयारी. किनाऱ्यावरच्या रुग्णालयात त्यांची पाळी सकाळी आठची आहे आणि ती मिळवायला आम्ही सात महिने थांबलो होतो. साडेसहाची बोट गेली की ही पाळीही गेली. दुपारच्या पाळीला जागा मिळाली, असं धरून चालू. ती संपेपर्यंत संध्याकाळचे साडेपाच वाजतात. मशीनवरून उठल्यावर त्यांचा रक्तदाब उतरलेला असतो, पाय लटपटत असतात. त्या अवस्थेत धक्क्यावर पोचल्यावर समोर काय असेल? नव्या वेळापत्रकात किनाऱ्यावरून बेटाकडे येणारी शेवटची बोट साडेचारची आहे.

हे साडेचारचं गणित कसं आलं, ते मी वेळापत्रक समोर ठेवून समजून घेतलं. आजवर बोट रात्री बेटावर मुक्कामाला असायची. पहाटे आमची माणसं घेऊन जायची आणि संध्याकाळी आमचीच माणसं घेऊन परत यायची. पर्यटकांची ये-जा नेमकी उलटी असते. त्यांना सकाळी इकडे यायचं असतं आणि संध्याकाळी तिकडे जायचं असतं. बोट किनाऱ्यावर मुक्कामाला ठेवली की पहाटेची आणि रात्रीची अशा दोन अर्ध्या रिकाम्या फेऱ्या वाचतात, डिझेल वाचतं, खलाशांना घरी झोपता येतं. हिशेब चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. मी म्हणते, तो कुणाच्या बाजूने मांडला ते पाहा. ज्या गावात रात्री वाहन मुक्कामाला असतं, त्या गावाचा माणूस सकाळी उठून कामाला लागतो. जिथं वाहन नुसतं येऊन जातं, तिथल्या माणसाचा निम्मा दिवस वाट पाहण्यात जातो. बोट रात्री कुठे बांधलेली असते, एवढ्या एका गोष्टीवरून बेट कुणाचं मानलं जातं ते कळतं.

आणि रात्रीचं काय? रात्री एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या, कुणाला साप चावला, कुणाच्या छातीत दुखायला लागलं, तर आज निदान धक्क्यावर बोट असते आणि खलाशी शाळेच्या मागच्या खोलीत झोपलेले असतात. माझ्याच आठवणीत त्यांना पाच-सहा वेळा उठवलेलं आहे आणि प्रत्येक वेळी ते कुरकुर न करता उठले आहेत. एक तारखेनंतर रात्रभर बेटावर यंत्राची एकही बोट नसेल. वल्ह्याच्या होडीने तळं ओलांडायला वारा नसताना सव्वा तास लागतो, आणि वारा पडलेलाच असेल याची हमी कोण देणार?

मी पर्यटकांच्या विरुद्ध नाही, हेही इथंच सांगते. आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देते. यजमानांचं औषधपाणी बरंचसं त्यातून निघतं. यंत्राची बोट बेटावर आली तीच मुळी पाहुण्यांमुळे. माझ्या लहानपणी ती नव्हती आणि वडील वल्ह्याच्या होडीने लोकांना पलीकडे सोडायचे. दुकान मोठं झालं, धक्का पक्का झाला, शाळेला दुसरी खोली मिळाली, यात येणाऱ्या माणसांच्या पैशांचा वाटा आहे. पाहुणा बंद करा अशी मागणी मी कधीही करणार नाही. पण ज्या घरात घरच्यांनाच पाणी, वाट आणि झोप मिळत नाही, ते घर पाहुण्याला फार दिवस सांभाळू शकत नाही.

आता आराखड्याकडे येते. तो वाचायलाही मला बोटीनेच जावं लागलं, कारण त्याची एकच प्रत किनाऱ्यावरच्या कार्यालयात ठेवली आहे आणि ती अकरा ते चार या वेळातच पाहता येते. मी दोन दिवस बसून टिपणं काढली. आराखड्यात बेटाचे सहा नकाशे आहेत. काचेचा सज्जा, रंगीत कारंजं, किनाऱ्याला फेर धरणारी दिव्यांची वाट, पाण्यावर तरंगणारं उपाहारगृह, फोटो काढण्याच्या चार जागा, सगळं रंगवून दाखवलं आहे. एकाही नकाशावर दवाखाना नाही. शाळा नाही. विहिरी नाहीत. बायका कपडे धुतात तो पायऱ्यांचा घाट आहे, पण त्यावर ‘नवीन जेट्टी’ असं लिहिलेलं आहे.

मुखपृष्ठावर पाण्यावरून जाणाऱ्या पिवळ्या वाटेचा सुंदर फोटो आहे. ती वाट कुठली ते आत कुठे लिहिलेलं नाही, पण मी शोधून पाहिलं. इटलीतल्या इझेओ सरोवरात मोंते इझोला नावाचं वस्तीचं बेट आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात ख्रिस्तो या कलावंताने किनाऱ्यापासून त्या बेटापर्यंत पाण्यावर तरंगणारी वाट उभारली होती, जवळपास तीन किलोमीटरची. सोळा दिवसांत सुमारे बारा लाख माणसं तिच्यावरून चालली. सोळा दिवस झाले आणि ती काढून टाकली, कारण ती तेवढ्याच दिवसांसाठी होती. एरवी त्या बेटावर मोटारगाडीलाही बंदी असते. तुम्ही सोळा दिवसांची गर्दी मुखपृष्ठावर घेतली आणि तिला कायमची करायला निघालात, असं मला तो फोटो पाहून वाटलं.

पाहुणे आमच्याकडे कशासाठी येतात, हे मला माझ्या दोन खोल्यांमुळे थोडंफार कळतं. ते मागच्या पायरीवर बसून राहतात. सकाळी धुक्यातून किनारा हळूहळू कसा दिसू लागतो ते बघतात. बेटाला फेरी घालणारी पायवाट दीड तासात संपते, तरी काही जण ती दिवसातून दोनदा चालतात. लव्हाळ्यातले पक्षी दाखवायला आमच्या शाळेतली मुलं पुढे होतात आणि त्यांच्याकडून मोठी माणसं पक्ष्यांची नावं शिकून जातात. जाताना जवळजवळ प्रत्येक जण एकच गोष्ट बोलतो, की इथं आवाज नाही. माझ्या खोल्यांत राहिलेल्या एकाही माणसाने आजवर इथं कारंजं हवं होतं असं म्हटलेलं नाही.

इतर ठिकाणी लोकांनी हे फार आधी ओळखलं. अमेरिकेत ह्युरन सरोवरात मॅकिनॉ बेट आहे, वर्षभर राहणारी वस्ती पाचशेच्या आसपास. तिथं १८९८ मध्येच मोटारगाड्यांना बंदी घातली गेली, आणि रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर ती आजही आहे. बेटाभोवतीच्या तेरा किलोमीटरच्या रस्त्यावर लोक पायी, सायकलने किंवा घोडागाडीने फिरतात. उन्हाळ्यात तिथं लाखो माणसं जातात आणि मोटारी नाहीत म्हणूनच जातात. जर्मनीतल्या क्योनिग्झे तळ्यावर १९०९ पासून प्रवासी बोटी विजेवर चालतात, इंजिनाची घरघर नाही की पाण्यावर तेलाचा तवंग नाही. आकर्षण म्हणजे दर वेळी काहीतरी नवं बांधणंच असतं असं नाही. आहे ते बिघडू न देणं हेही आकर्षणाचंच काम आहे, आणि आराखड्यात त्या कामासाठी एक ओळही नाही.

आता माझ्या हरकती. बोटीची हरकत वर आलीच आहे, पण तिचा एक भाग राहिला. सुट्टीच्या दिवशी बोटीत किती माणसं चढतात ते तुम्ही एकदा धक्क्यावर उभं राहून मोजा. बसायच्या जागांच्या दीडपट माणसं वरच्या मजल्यावर असतात, कारण फोटो तिथून चांगला येतो. माणसं वर गेली की बोटीचं वजन वर सरकतं, ती डुलायला लागते. त्यातच पक्ष्यांचा थवा दिसला की सगळे एका बाजूला धावतात. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळमधल्या थेक्कडीच्या जलाशयात पर्यटकांची दुमजली बोट उलटली आणि ४५ माणसं गेली. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट नव्हतं. मी स्वतः शाळेत शिकवलं आहे. हरणीची बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण आमची आठवीच्या पुढची मुलं रोज बोटीनेच शाळेला जातात. आमच्या बोटीवरची जाकिटं बाकाखालच्या पेटीत असतात आणि पेटीला कुलूप असतं. चोरीला जातात म्हणून. आराखड्यात नव्या दोन बोटी आहेत, दोन्ही दुमजली. कुलपाबद्दल काही नाही.

दुसरी हरकत पाण्याची. ती मला बोटीइतकीच महत्त्वाची वाटते, फक्त तिचे परिणाम उशिरा दिसतात.

छोट्या बेटावर जमिनीखालचं पाणी आणि तळ्याचं पाणी ही दोन वेगळी पाणी नसतात. विहिरीची पातळी तळ्याबरोबर चढते आणि उतरते. आमच्या घरांच्या मागे शोषखड्डे आहेत. शंभरेक उंबऱ्यांचं सांडपाणी ती माती कशीबशी जिरवत आली. गेल्या काही वर्षांत प्रत्येक दुसऱ्या घरात पाहुण्यांच्या खोल्या झाल्या, माझ्याही झाल्या, आणि प्रत्येक खोलीला न्हाणीघर आणि संडास आला. खड्डे मात्र तेच राहिले. उन्हाळ्यात तळं खाली गेलं की धक्क्याच्या दक्षिणेला पाणी हिरवं होतं, कडेला साय धरावी तसा थर येतो. हा थर नुसताच घाण असतो असं नाही. काही नीलहरित शेवाळं विष तयार करतात आणि ते विष पाणी उकळून जात नाही. आम्ही मुलांना सांगत आलो आहोत की पाणी उकळून प्या. आता ते सांगणं पुरेसं आहे का, हे मला शिक्षिका म्हणून ठाऊक असायला हवं होतं. त्यासाठी पाण्याची तपासणी लागते आणि ती आमच्याकडे होत नाही.

तळं मोठं आहे, सगळं पोटात घेईल, असं एका बैठकीत सांगितलं गेलं. रशियातल्या बैकालपेक्षा खोल तळं तर कुठे नाही. त्याची खोली १,६४२ मीटर आहे आणि पृथ्वीच्या पाठीवर न गोठलेलं जेवढं गोडं पाणी आहे त्याचा साधारण पाचवा हिस्सा त्या एका सरोवरात आहे. त्यात ओल्खोन नावाचं वस्तीचं बेट आहे. २००५ मध्ये तिथं तळ्याखालून केबल टाकून वीज पोचली आणि पर्यटन वाढलं. बैकालच्या किनाऱ्यालगत, जिथं वस्त्या आहेत आणि पर्यटक उतरतात, तिथं स्पायरोगायरा या शेवाळाचे ढीग साचू लागले, आणि अभ्यासकांनी त्याचं कारण म्हणून नीट शुद्ध न केलेल्या सांडपाण्याकडे बोट दाखवलं. बैकालला जे पोटात घेता आलं नाही ते आपल्या तळ्याने घ्यावं, अशी अपेक्षा कशी करायची?

उपाय नाही असंही नाही. जर्मनीत कीमझे नावाचं सरोवर आहे. त्यातल्या फ्राउएनइन्झेल या छोट्या बेटावर ७८२ साली स्थापन झालेला जोगिणींचा मठ आहे, मच्छीमारांची घरं आहेत, मोटारी नाहीत, आणि पाहुण्यांची रीघ असते. त्या सरोवराभोवतीच्या गावांचं सांडपाणी गोळा करणारी मोठी वाहिनी १९८९ मध्ये पुरी झाली आणि शुद्ध केलेलं पाणीही सरोवरात न सोडता नदीकडे नेलं गेलं. मला तेवढं मोठं काम आमच्यासाठी लगेच होईल अशी आशा नाही. पण तरंगत्या उपाहारगृहाचं सांडपाणी कुठे जाणार, एवढ्या प्रश्नाला आराखड्यात उत्तर हवं होतं. मी दोनदा शोधलं. ‘योग्य ती व्यवस्था करण्यात येईल’ हे एक वाक्य सापडलं.

तिसरी हरकत घाटाची. ज्या पायऱ्यांवर नवी जेट्टी दाखवली आहे, तिथं बायका कपडे धुतात, मुलं पोहायला शिकतात आणि उन्हाळ्यात गुरं पाण्याला येतात. बेटाचा बाकीचा काठ एकतर दगडी कड्याचा आहे नाहीतर लव्हाळ्याचा, पाण्यात उतरायला दुसरी जागा नाही. हे सांगायला अभियंत्याची गरज नव्हती, एका बाईला विचारलं असतं तरी चाललं असतं.

चौथी, आवाज आणि उजेड. संध्याकाळी पाण्यालगतची हवा थंड होते आणि वरची हवा उबदार राहते. अशा वेळी आवाज वर न जाता खाली वळतो आणि पाण्यावरून फार लांब जातो. किनाऱ्यावर कुणी नुसतं खाकरलं तरी कधीकधी आम्हाला ऐकू येतं. तिथं रात्री दहापर्यंत ध्वनिक्षेपकावर चालणारं कारंजं बसवलं तर बेटाच्या कुठल्याही घरात मूल अभ्यासाला बसू शकणार नाही आणि आजारी माणूस झोपू शकणार नाही. दिव्यांच्या वाटेबद्दलही तेच. लव्हाळ्यात रात्री पक्षी थव्याने वस्तीला असतात. पाहुण्यांना सकाळी जे पक्षी दाखवायचे, त्यांच्याच डोळ्यांवर रात्रभर दिवे मारायचे?

कचऱ्याबद्दल थोडक्यात. बेटावर आलेली प्रत्येक बाटली बेटावरच राहते, कारण कचरा किनाऱ्यावर न्यायला बोटीत जागा नसते. शाळेमागची खाच आता भरली आहे.

पाचवी हरकत माझ्या दृष्टीने सगळ्यांच्या मुळाशी आहे. हा आराखडा करताना आम्हाला कुणी विचारलं नाही. बोटी कुणाच्या, दुकानं कुणाची, तिकिटाचा पैसा कुठे जाणार, यातला एकही निर्णय बेटावर झालेला नाही. पेरूमध्ये टिटिकाका सरोवरात, ३,८०० मीटरहून अधिक उंचीवर, ताकिले नावाचं बेट आहे. तिथल्या विणकामाला युनेस्कोने २००५ मध्ये मानवजातीचा वारसा म्हणून गौरवलं. पर्यटक येऊ लागले तेव्हा बेटवाल्यांनी बोटी स्वतःच्याच ठेवल्या आणि पाहुणे पाळीपाळीने घरोघरी वाटून घेतले, म्हणजे एकाच घराची चूल आणि तिजोरी भरायला नको. पुढे किनाऱ्यावरच्या कंपन्यांच्या बोटी आल्या आणि कमाईचा मोठा हिस्सा त्यांच्याकडे वळला. पाहुणे पूर्वीपेक्षा वाढले तरी बेटाच्या हाती कमी उरायला लागलं. आमच्याकडेही हेच होईल असं मला दिसतं, कारण नव्या बोटींचा ठेका बाहेर द्यायचा असं आराखड्यात लिहिलेलंच आहे.

आणि मणिपूरचं लोकटाक विसरता येत नाही. तिथं पाण्यावर तरंगणाऱ्या गवताच्या बेटांवर, फुमदींवर, मासेमार झोपड्या बांधून राहात होते. २००६ मध्ये सरोवराच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि २०११ च्या नोव्हेंबरात त्याच कायद्याच्या आधारे त्यांच्या शेकडो झोपड्या जाळल्या गेल्या. सरोवर वाचवायचं म्हणून सरोवरातली माणसं अतिक्रमण ठरली. आमच्या आराखड्यात ‘किनारपट्टीवरील अनियमित बांधकामे’ असा एक शब्दप्रयोग आहे आणि त्याखाली अकरा घरं मोजली आहेत. त्यातलं एक घर माझ्या वडिलांनी बांधलेलं आहे. म्हणून मला लोकटाक आठवतं.

तुम्ही म्हणाल, संख्या किती आणि किती घेऊ शकतो याचा विचार आम्ही केला आहे. केला आहे, पण वर्षाच्या सरासरीने. बेटाला सरासरी माहीत नसते. बेटाला सुट्टीचा रविवार माहीत असतो. ऑस्ट्रियात तळ्याकाठचं हालश्टाट हे जेमतेम साडेसातशे-आठशे वस्तीचं गाव आहे, आणि गर्दीच्या दिवशी तिथं दहा हजारांपर्यंत माणसं उतरतात. शेवटी गावाला पर्यटकांच्या बसगाड्यांना वेळ ठरवून द्यावी लागली, आणि २०२३ मध्ये तिथले रहिवासी रस्त्यावर आले. रस्त्याने जोडलेल्या गावाला गर्दी आवरणं कठीण जातं. आम्हाला ते सोपं आहे, कारण बेटावर येण्याचं दार एकच आहे, बोट. बोटीच्या फेऱ्या आणि तिकिटं ठरवली की माणसं ठरली. हा आमचा फायदा आहे आणि तो वापरायचा सोडून तुम्ही दार रुंद करायला निघाला आहात.

माणसं राहिली नाहीत तर बेटाचं काय होतं, याची मला मनापासून भीती वाटते. पहाटेची बोट गेली की पहिल्यांदा आठवीच्या पुढची मुलं किनाऱ्यावर राहायला जातील, मग त्यांच्यासाठी आया जातील, मग शाळेची दुसरी खोली बंद होईल. घरं रिकामी होतील आणि ती खोल्या म्हणून भाड्याने जातील. जपानमध्ये बिवा सरोवरात ओकिशिमा नावाचं बेट आहे, अडीचशेच्या आसपास वस्तीचं. मोटारी नाहीत, म्हातारी माणसं तीनचाकी सायकलवर जाळी आणि भाजी वाहून नेतात. पाहणारे तिथं जातात ते तिथं माणसं राहतात आणि मासे धरतात म्हणून. रिकाम्या घरांचं गाव बघायला कोण किती वेळा येणार?

आमचं मागणं साधं आहे.

बोट रात्री बेटावरच मुक्कामाला राहावी. पहाटे साडेसहाची फेरी आणि संध्याकाळी किनाऱ्यावरून साडेसहाची परतीची फेरी, या दोन्ही वर्षातले सगळे दिवस चालाव्यात, प्रवासी दोन असोत की दोनशे. या फेऱ्यांचा तोटा पर्यटकांच्या तिकिटावर थोडा अधिभार लावून भरून काढावा. दिवसाच्या प्रत्येक फेरीत रहिवाशांसाठी ठरावीक जागा शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत राखून ठेवाव्यात. बोटीत स्ट्रेचर आडवं मावेल एवढी जागा मोकळी असावी. जाकिटांच्या पेटीचं कुलूप आजच काढावं आणि जाकीट घातल्याशिवाय बोट सोडू नये. वरच्या मजल्यावर किती माणसं चढतील याचा आकडा रंगवून लावावा आणि तो पाळावा.

सांडपाण्याची व्यवस्था उभी राहून चालू होईपर्यंत नवं उपाहारगृह, नव्या खोल्या, नवा संडास, काहीही होऊ नये. यात माझ्यासारख्या खोल्या देणाऱ्यांवरही बंधन येईल, ते मला मान्य आहे. विहिरींचं आणि तळ्याच्या काठाचं पाणी दर महिन्याला तपासून निकाल धक्क्यावर लावावा, त्याच खांबावर. कचरा नेणारी आठवड्यातून दोन वेळची बोट वेगळी असावी. घाट आहे तसा राहावा. ध्वनिक्षेपकाचं कारंजं आणि दिव्यांची वाट आराखड्यातून काढावी. धक्क्यापासून दवाखान्यापर्यंत मात्र दिवे हवेत, तिथं आज एकही नाही. गर्दीच्या दिवशी किती माणसांना बेटावर उतरू द्यायचं, तो आकडा गावाबरोबर बसून ठरवावा. आणि त्या अकरा घरांपुढचा ‘अनियमित’ हा शब्द खोडावा.

या सगळ्यावर सुनावणी घ्यावी आणि ती बेटावर, शाळेत घ्यावी. दुपारी नको. दुपारी मासेमार झोपलेले असतात आणि बायका धक्क्यावर विक्रीला बसलेल्या असतात. एक तारखेच्या आधीच्या कुठल्याही शुक्रवारी या, संध्याकाळच्या शेवटच्या बोटीने. रात्री राहावं लागेल, त्यासाठी माझ्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या ठेवते. बोलणं कितीही लांबलं तरी चालेल. पहाटे साडेसहाच्या बोटीने आपण सगळे बरोबरच किनाऱ्यावर जाऊ. शनिवारी यजमानांची पाळी असते.

आपली,
बेटावरची एक रहिवासी,
निवृत्त प्राथमिक शिक्षिका